कोतवाल बुकापासून वाहन परवान्यापर्यंत : मोहर्ली परिसरातील रहिवासाचा पुरावा

ताडोबाच्या जंगलाचे एक प्रमुख प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीत पर्यटकांची जिप्सी चालविणाऱ्या तरुणाला वाहन परवान्यासाठी रहिवासाचा पुरावा जोडावा लागतो, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचा मोठा बदल सहसा लक्षात येत नाही. कोण कुठे राहतो हे सांगण्याची जबाबदारी या मुलखात एकेकाळी गावाची होती; ती पुढे राहणाऱ्या माणसावर येऊन पडली.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख ज्यात येतो तो चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात सामील झाला. मेजर लुसी स्मिथ यांचा जमाबंदीचा अहवाल १८६९ मधला आहे. जमाबंदी म्हणजे शेतसारा ठरविण्यासाठी केलेली मोजणी व आकारणी. तिच्यासोबत गावोगावच्या चालीरीती व हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात उतरविले जात. माणसांची नोंद मात्र कोतवालाकडे होती. गावचा हा पहारेकरी जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यात पोचवी आणि ती वहीत चढे. विदर्भात आजही जातीच्या दाखल्यासाठी ‘कोतवाल बुकाची नक्कल’ शोधली जाते. या वहीचे मोल असे की नोंद मिळविण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नसे. गावात जन्मणे पुरेसे होते.

जंगलातल्या वस्त्यांचे तसे नव्हते. राखीव वनात राहणाऱ्याचा रहिवास वनखात्याच्या मर्जीवर टिके, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर ‘अतिक्रमण’ ठरे. याउलट पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे १९६० च्या दशकात शासनानेच तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत वसविली, त्यामुळे परमुलखातून आलेल्यांच्या येथील वास्तव्याला निदान आरंभाचा सरकारी कागद होता. येथून कधीच न हललेला माणूस पुराव्याच्या बाबतीत त्यांच्याहून परका ठरावा, हा या इतिहासातला खरा अन्याय आहे. पुढे बोटेझरी आणि नवेगाव (रामदेगी) ही गावे ताडोबातून उठवून बाहेर वसविण्यात आली, तेव्हा तेथील लोकांच्या जुन्या कागदांवरचा पत्ता सुटलेल्या गावाचाच राहिला.

पत्ता सिद्ध करण्याचा भार वाहन परवान्यातही अर्जदारावरच आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्याचा अर्ज अर्जदार सामान्यतः राहतो त्या क्षेत्रातील प्राधिकाऱ्याकडे करावयाचा होता, आणि १९८९ च्या नियमांनी पुराव्यांची यादी दिली : मतदार यादी, आयुर्विमा पॉलिसी, पारपत्र इत्यादी. रास्त कारणाने यांपैकी काहीच देता न आल्यास शपथपत्र, म्हणजे अधिकाऱ्यासमोर शपथेवर केलेले लेखी निवेदन, स्वीकारण्याची मुभाही त्यांत होती.

जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरील हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा, २००६ याची रहिवासाची कसोटी अधिक कठीण आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, पिढी २५ वर्षांची धरून ७५ वर्षांचा, म्हणजे १९३० पासूनचा वास दाखवावा लागतो, आणि इतका जुना कागद घरात सहसा नसतो. म्हणूनच २००८ च्या नियमांतील पुराव्यांची यादी मोलाची आहे : तीत मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका व घरपट्टीच्या पावतीबरोबर जुने जमाबंदी अहवाल आहेत, विहिरी, दफनभूमी व देवस्थाने आहेत, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, लिहून घेतलेले कथनही आहे.