दोन लाख किलोमीटर धावलेली पिकअप

भाजीपाला, दूध, सिमेंट, घरसामान या साऱ्यांची रोजची ने-आण ज्या वाहनावर अवलंबून असते, ते म्हणजे पिकअप. टेल्कोने १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' आणली. आज बोलेरो पिकअप राज्यात सर्रास दिसते. मालकाचा संसार या गाडीवर चालतो. त्यामुळे दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी ठेवावी की विकावी, हा प्रश्न त्याच्यासाठी पोटापाण्याचा असतो.

नीट निगा राखलेले डिझेल इंजिन दोन-तीन लाख किलोमीटरचा पल्ला गाठू शकते. डिझेलच्या ज्वलनातून तयार होणारी काजळी ऑइलमध्ये मिसळते व ते दाट होते. म्हणून ऑइल आणि त्याचा फिल्टर ठरलेल्या अंतरावर बदलणे ही पहिली अट. एअर फिल्टर फाटलेला असेल तर धूळ सिलिंडरमध्ये शिरून पॉलिश कागदासारखे काम करते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता कूलंट वापरावे. इंजिनाला टायमिंग बेल्ट असल्यास तो मुदतीत बदलावा. तो धावत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांना कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते, अन्यथा धुराचा फिल्टर लवकर तुंबतो.

धुराचा रंगही बरेच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता तपासावी.

मात्र इंजिन ठणठणीत आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. टोयोटाच्या पिकअप टिकाऊपणासाठी जगभर नावाजलेल्या. तरीही टाकोमा, टुंड्रा या गाड्यांच्या चासीला गंज लागल्याच्या तक्रारींवरून कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत ग्राहकांशी मोठी तडजोड करावी लागली. तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या किनारपट्टीवर खारी हवा तेच काम करते. पावसाळ्यानंतर गाडी खालून धुऊन चासीचे जोड आणि कमानपाट्यांच्या कड्या तपासाव्यात.

सर्वांत घातक सवय जादा मालाची. त्यासाठी मागे एखादा जादा पाटा बसवून घेतला जातो. अनेक पिकअपमध्ये मागचा भाग किती दबला आहे, यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाटउतारावर याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

जुनी पिकअप घेताना मीटरवरील आकड्यापेक्षा देखभालीच्या नोंदी पाहाव्यात. इंजिन पुन्हा बांधता येते. गंजून पोखरलेल्या चासीवर मात्र पैसे घालू नयेत.