डाउनलाइट (घरगुती जोडणी)

डाउनलाइट म्हणजे छताच्या आत बसवलेला, फक्त तोंड छताच्या पातळीत दिसणारा आणि प्रकाश सरळ खाली टाकणारा दिवा. बाजारात तो ‘कन्सील्ड लाइट’ या नावानेही मिळतो. महाराष्ट्रातील शहरी घरांचे छत बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबचे असते. त्यामुळे हा दिवा स्लॅबखाली लटकवलेल्या पीओपी किंवा जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सिलिंगमध्ये बसतो. तयार स्लॅबमध्ये दिव्यासाठी खाच पाडू नये. स्लॅबच्या तळाच्या सळईखाली काँक्रीटचे आवरण जेमतेम 20 मिमी असते. ते फुटले की सळईला हवा-पाणी लागून गंज चढतो. स्लॅब भरताना जंक्शन बॉक्स टाकून ठेवला असेल, तर त्यात मावणारे छोटे दिवे मिळतात.

एलईडी येण्यापूर्वी अशा जागी 12 व्होल्टचे, 50 मिमी व्यासाचे हॅलोजन दिवे लावत. 50 वॉटचा एक दिवा सिलिंगच्या पोकळीत इतका तापे की जवळची वायर कडक होऊन तडकत असे. आज 6 ते 15 वॉटचा एलईडी दिवा घरातील बहुतेक गरज भागवतो. मात्र एलईडीलाही उष्णतेचे वावडे आहे. दिव्याच्या पाठीमागच्या धातूच्या पाकळ्या ती उष्णता हवेत सोडतात, म्हणून दिव्याच्या डोक्यावर मोकळी जागा लागते. दिव्याच्या उंचीपेक्षा किमान दोन-तीन इंच जास्त पोकळी ठेवणे बरे.

दिवे किती आणि कुठे, हे सिलिंगचा सांगाडा उभा राहण्यापूर्वी ठरले पाहिजे. 10 × 12 फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 11 चौरस मीटर होते. बैठकीच्या खोलीत 150 लक्स उजेड धरला, तर 1,650 ल्युमेन लागतात. भिंतींनी शोषलेला आणि धुळीने अडवलेला प्रकाश लक्षात घेता याच्या दुप्पट तजवीज करावी लागते. 12 वॉटचा चांगला दिवा 1,200 ल्युमेनच्या आसपास देतो. हिशोबाने तीन पुरतात, पण उजेड सारखा पसरावा म्हणून चार लावणे सोयीचे. 10 फुटांच्या बाजूला ते भिंतीपासून अडीच फुटांवर आणि एकमेकांपासून पाच फुटांवर येतात, 12 फुटांच्या बाजूला तीन आणि सहा फुटांवर. दिवा भिंतीला फार चिकटला तर भिंतीवर प्रकाशाच्या कमानी उठतात आणि प्लास्टरमधला प्रत्येक उंचसखलपणा दिसू लागतो.

या आखणीत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पंखा. 1,200 मिमीच्या पंख्याचे पाते मध्यापासून दोन फूट पोहोचते. त्याच्या वर दिवा आला की फिरत्या पात्यांच्या सावल्या खोलीभर नाचतात, वाचणाऱ्याला तर ते असह्य होते. वर दिलेल्या मांडणीत दिवे मध्यापासून जवळजवळ चार फुटांवर राहतात, म्हणून ती चालते. पंख्याचा भार मात्र नेहमी स्लॅबमधल्या हुकावरच हवा, सिलिंगच्या चॅनेलवर कधीच नको. स्वयंपाकघरात दिवा ओट्याच्या पुढच्या कडेवर घ्यावा. खोलीच्या मधोमध असेल तर उभ्या माणसाची सावली नेमकी विळीवर आणि शेगडीवर पडते.

वायरिंग सिलिंग बंद होण्यापूर्वी पूर्ण करतात. एमसीबी बंद करून आणि टेस्टरने खात्री करून परवानाधारक वायरमननेच हे काम करावे. दिव्यांच्या सर्किटला 1 किंवा 1.5 चौरस मिमीची तांब्याची, आग लवकर न धरणारी वायर पाइपातून नेतात. दिवे समांतर जोडतात, फेज स्विचमधून जातो आणि प्रत्येक दिव्याच्या जागी हातभर वायर खाली सोडतात. न्यूट्रल स्विचमधून नेला तर बंद केलेला एलईडी रात्री मंद मिणमिणत राहू शकतो. वायर पिळून, टेप गुंडाळून पोकळीत सोडून देणे ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. तो सांधा पुढे कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. त्यासाठी कनेक्टर आणि झाकण असलेला बॉक्स हवाच.

छिद्राचा व्यास दिव्याच्या खोक्यावर मिमीमध्ये छापलेला असतो. तो दिव्याच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असतो. तेवढ्याच मापाचे होल कटर ड्रिलला लावून छिद्र पाडतात. त्याआधी वरचे चॅनेल तिथून जात नाही ना, हे पाहतात. जिप्सम बोर्ड 12.5 मिमी जाड असतो आणि स्वच्छ कापला जातो. पीओपीची कड मात्र भुरभुरते, म्हणून ड्रिल हळू फिरवावे लागते. आधी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणारा डबा, वायरला जोडून पोकळीत सरकवतात, मग त्याचा प्लग दिव्यात घालतात. वीज चालू असताना हा प्लग जोडू नये, कारण मोकळ्या ड्रायव्हरवर साचलेला जास्त व्होल्टेज एलईडी जाळू शकतो. शेवटी दोन्ही स्प्रिंग चिमटीत वर दाबून दिवा छिद्रात घालतात. स्प्रिंग सोडताच त्या बोर्डाच्या पाठीवर आडव्या पडून दिवा घट्ट धरतात. बोट मध्ये राहिले तर चांगलाच चिमटा बसतो.

झोपायच्या खोलीला 3,000 केल्विनचा पिवळसर उजेड शांत वाटतो, अभ्यासाच्या टेबलाला 4,000 बरा. न्हाणीघरात किमान आयपी 44 दर्जाचा दिवा घ्यावा. कोकणात किंवा वरच्या मजल्यावर स्लॅब पाझरत असेल, तर गळती थांबवल्याशिवाय सिलिंग करूच नये; पाणी पहिल्यांदा दिव्याच्या छिद्रातूनच उतरते.

बंद पडलेल्या दिव्यात बहुधा एलईडी शाबूत असतो आणि ड्रायव्हर गेलेला असतो. नवा ड्रायव्हर घेताना जुन्यावर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा आणि व्होल्टेजची मर्यादा जुळली पाहिजे. पूर्ण दिवा बदलायचा झाल्यास छिद्राचे माप तेच लागते. म्हणून एक रिकामे खोके जपून ठेवावे आणि सिलिंग बंद होण्यापूर्वी वायरिंगचे फोटो काढून ठेवावेत.