पिशवी दाबा, सोडा, दाबा

बसा या स्टुलावर, पलंगाच्या उशाशी. कोट नंतर काढा. आधी ही रबरी पिशवी धरा. दाबा. सोडा. दाबा. थांबू नका, पलंगावरच्या मुलाचा श्वास आता तुमच्या मुठीत आहे.

कोपनहेगनचं ब्लेगडॅम रुग्णालय, १९५२. पोलिओची साथ. रबराचा आणि जंतुनाशकाचा वास नाकात बसलाय. सिलिंडर फुसफुसताहेत, शेजारी नर्स नळीतून कफ ओढतेय, त्याची खरखर थांबत नाही. पहिल्या आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मग भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी सुचवलं: गळ्याला छेद द्या, नळी बसवा, हातानं हवा भरा. म्हणून ही पिशवी, आणि पाळीपाळीनं ती दाबणारे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी. त्यांतले एक तुम्ही.

छातीजवळच्या डब्याला हात लावून बघा. गरम आहे ना? आतला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतोय. मुलाच्या कपाळावर घाम दिसला तर वेळ घालवू नका: वायू साचतोय, जरा जोरात दाबा. आज मॉनिटर सांगतो ते इथे घाम सांगतो.

सध्या छाती स्वतःहून हलतच नाही. किती हवा, मिनिटाला किती वेळा, सगळं तुम्हीच ठरवताय. आयसीयूत ज्याला कंट्रोल मोड म्हणतात तो हाच, फक्त बोटं दुखवणारा.

काही दिवसांनी पिशवीला आतून एक बारीकशी ओढ जाणवेल. पतंगाच्या मांज्याला लागते तशी. तो त्याचा श्वास! आता तुमची लय सोडा, त्याच्या ओढीची वाट बघा आणि तिच्यासोबत दाबा. हा असिस्ट. उलट दाबलंत तर मुलगा कासावीस होईल, आणि गळ्यातल्या नळीमुळे त्याला ओरडताही येणार नाही, डोळ्यांकडे बघा. 'पेशंट व्हेंटिलेटरशी फाइट करतोय' असं आपल्या सिस्टर म्हणतात, तेव्हा बहुतेकदा हेच घडत असतं. म्हणून मोडची नावं पाठ करण्याआधी ही ओढ हाताला कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

श्वास त्यानं सुरू करायचा, तुम्ही थोडा जोर द्यायचा, आणि तो जोरही दिवसागणिक कमी करत न्यायचा: प्रेशर सपोर्ट. घाई मात्र नको. तो थकला की पुन्हा पूर्ण दाबायचं.

तुमची बदली आलीय. तिचा हात पिशवीवर बसू द्या, मगच तुमचा काढा. आणि ओढ कितव्या दाबाला लागते, तेवढं तिला सांगून जा.