रिकाम्या बंदुकीचा चाप

आमच्या आंजीकडे बंदूक म्हटली की शिकारीपेक्षा आधी जागल आठवते. तूर-हरभऱ्याच्या वावरात रात्री रोही आणि रानडुकरे शिरतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. बंदूक बाळगणाऱ्यांच्या तोंडून एक ताकीद मी लहानपणापासून ऐकत आलो: "रिकाम्या बंदुकीचा चाप ओढू नये." यात तथ्य किती?

शाळेत १८५७ शिकवताना एन्फिल्ड रायफलच्या काडतुसांची चरबी मी दरवर्षी सांगत असे. त्याच रायफलची दुसरी गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. ठासणीच्या या हत्यारात घोडा एका बारीक पोकळ खुंटीवर आपटतो. खुंटीवर तांब्याची टोपी असते. तिच्यातला मसाला पेटून जाळ आतल्या दारूपर्यंत जातो. कवायतीत दारू नाही, टोपी नाही, पण चाप तर पुन्हा पुन्हा ओढायचा! मग घोडा थेट खुंटीवर बसून तिचे तोंड चेपणार. म्हणून ब्रिटिश सैनिकाला चामड्याचे अस्तर लावलेली एक झाकणी मिळे, साखळीने बंदुकीलाच अडकवलेली. म्हणजे ही ताकीद केवळ आजोबांची नव्हे, फौजेचीही होती!

पुढे काडतुसाची दुनळी आली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडा आत, नजरेआड बसवला. जगातल्या कितीतरी दुनळ्या याच रचनेवर बनल्या. काडतुसाच्या बुडाशी असलेली मऊ टोपी पिनेचा मार झेलते. काडतूसच नसेल तर तो सारा मार पिनेला आणि आसपासच्या पोलादाला सोसावा लागतो. कठीण पोलाद ठिसूळही असते. दहादा काही होत नाही, पन्नासदा होत नाही, आणि एखाद्या दिवशी टोक तुटते.

नव्या बनावटीच्या बऱ्याच बंदुका अधूनमधून ओढलेला रिकामा चाप सहज सोसतात. रायफल-पिस्तुलाचे नेमबाज तर असा सराव नेमाने करतात. तेव्हा सरसकट "बिघडते" म्हणणे चूक, आणि "काही होत नाही" म्हणणेही चूक. प्रश्न बंदुकीच्या वयाचा आणि रचनेचा आहे.

शेतकऱ्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. बंदूक दुरुस्त करायलाही कायद्याने परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे नेऊन भागत नाही. ऐन हंगामात पिन तुटली तर डुकरे काही थांबत नाहीत.

उपाय सोपा आहे. टोपीच्या जागी स्प्रिंग किंवा मऊ गादी असलेली नकली काडतुसे मिळतात. ती घालूनच चाप ओढावा. त्याआधी बंदूक रिकामी असल्याचे दोनदा पाहावे, आणि तरीही नळी माणसाकडे करू नये. पिन बदलून मिळते, माणूस मिळत नाही.