मैदान आहे, पोट्टे आहेत, मग अडलं कुठं?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीच्या गाडीतून धामणगावच्या प्लॅटफॉर्मवर सहा-सात पोरं उतरली. एकाच रंगाचे ट्रॅकसूट, खांद्यावर बॅगा, आणि चेहरे असे की निकाल विचारायची गरजच नाही. तरी चहावाल्यानं विचारलंच, "किती मॅच खेळल्या रे?" एक पोरगा म्हणाला, "एकच काका. चार-शून्य." चहावाला हसला. "आपल्या पोट्ट्यायले फुटबॉल जमतच नाई बावा. आपलं काम कबड्डीचं."

मी काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तीसेक वर्षांपूर्वी मीही असाच एक सामना हरून याच प्लॅटफॉर्मवर उतरलो होतो. आमच्या संघाचा सराव चार दिवस झाला होता. गोलकीपर असून हातमोजे पहिल्यांदा घातले ते सामन्याच्या दिवशी, तेही उसने. तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं होतं, आपल्याले जमत नाई. मीही ते मान्य करून टाकलं होतं.

आता मात्र मला ते मान्य नाही. वऱ्हाडातल्या कॉलेजचा फुटबॉल संघ पुढे का जात नाही, याचं उत्तर पोरांच्या पायात नाही, आपल्या इतिहासात आहे. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आपल्याकडे फुटबॉल आणला इंग्रजांनी. तो रुजला तीन ठिकाणी: लष्करी छावण्या, रेल्वेचे कारखाने-वसाहती आणि मिशनच्या शाळा. नागपूरजवळच्या कामठीत १८२१ पासून छावणी आहे. तिथल्या गल्लीबोळात आजही फुटबॉल दिसतो तो काही योगायोग नाही. वऱ्हाडातली छावणी होती एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याची. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची ती छावणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उठली. राहिली रेल्वे. जीआयपीची लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि धामणगाव वाटेवरचं स्टेशन झालं. इतकं की गावाच्या नावालाच 'रेल्वे' चिकटली. पण हे स्टेशन होतं माल चढवायचं. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी इथे यायचा, जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्याच्या गाठी बांधल्या जायच्या आणि गाठी मुंबईला जायच्या. इथे ना वर्कशॉप होतं, ना हजारभर कामगारांची वसाहत. गाठी गेल्या, पैसा आला, चेंडू काही उतरला नाही.

मग आपल्याकडे खेळच नव्हते का? उलट. १९१४ मध्ये अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. ज्या काळात अमरावतीच्या माणसाला मुंबई दूर वाटायची, त्या काळात आपली पोरं बर्लिनच्या मैदानावर उभी होती. चहावाल्याचं अर्धं वाक्य खरं आहे ते यामुळे. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, कुस्ती यांना वऱ्हाडात घर मिळालं. फुटबॉलला नाही.

पण या मंडळानं केलेलं त्याहून मोठं काम आपण विसरतो. त्यांनी खेळाडूंइतकेच, किंबहुना जास्त, खेळाचे शिक्षक घडवले. देशभरातून माणसं उन्हाळी वर्गाला अमरावतीला यायची. १९६७ पासून तर तिथे शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालयच आहे. म्हणजे पीटीचा मास्तर घडवणारा कारखाना आपल्या दारात. हे लक्षात ठेवा, शेवटी याच मुद्द्यावर यायचं आहे.

आता जिथे जमलं तिथे काय होतं ते पाहू.

कोल्हापूर घ्या. तिथे फुटबॉल कॉलेजातून आला नाही, तालमीतून आला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही पेठांतल्या तालमी-मंडळांची नावं आहेत आणि संघांचीही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे आणि तिथे बाद फेरीच्या स्पर्धांसोबत साखळी सामने होतात. पोरगं कॉलेजात पाऊल ठेवतं तोवर त्यानं पेठेसाठी कितीतरी सामने खेळलेले असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुढचं शिक्षण त्यानं बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतलं, पण पायाला चेंडू लागला तो गावात.

कोल्हापूरला राजाश्रय होता, म्हणाल. मग पंजाबातलं माहिलपूर घ्या. होशियारपूर जिल्ह्यातलं छोटं गाव. तिथल्या खालसा कॉलेजचे प्राचार्य हरभजनसिंग फुटबॉलचे वेडे होते. गावोगावची पोरं हेरायची, आणायची, ठेवायची, खेळवायची. फाळणीत घरदार सोडून आलेला जर्नैलसिंग याच कॉलेजात खेळला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके असताना तो बचावफळी सोडून पुढे खेळला, गोल केला, आणि भारतानं दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सुवर्णपदक घेतलं. प्राचार्यांच्या नावानं माहिलपुरात आजही स्पर्धा भरते. एका लहान गावातलं कॉलेज हे करू शकलं, कारण तिथे एक माणूस बारा महिने मैदानावर उभा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. संघ कॉलेज बनवत नाही. कॉलेज फक्त जर्सी देतं. संघ बनतो तो तालीम, क्लब, छावणी किंवा एखादा झपाटलेला मास्तर बारमाही पाठीशी असेल तेव्हा.

आपल्याकडे हे बारमाहीपण कुठे तुटतं, ते पाहा.

एक, जमीन आणि हंगाम. कॉलेजचे प्रवेश होतात जून-जुलैत. तेव्हा आपली काळी जमीन बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि त्यानंतर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा येतात पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या वेचणीच्या दिवसात. आमच्या संघातला सगळ्यात वेगवान पोरगा एका वर्षी आलाच नाही. घरी बारा एकर कापूस फुटलेला आणि मजूर मिळेना. उन्हाळ्यात मोकळीक असते, तर पारा पंचेचाळिशीत आणि मैदानाला भेगा. काळी माती काढून मुरूम भरल्याशिवाय आपल्याकडे वर्षभर खेळता येईल असं मैदान होत नाही. पंजाबच्या पोराला हे माहीतही नसेल.

दोन, सामन्यांची संख्या. कॉलेजांची स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की घरी. म्हणजे अर्ध्या संघांचा पूर्ण वर्षाचा हंगाम नव्वद मिनिटांत संपतो. शाळेत असताना सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्या खेळलेला पोरगा सतरा पार करतो आणि त्याच्यासमोर काहीच उरत नाही. नव्वद मिनिटांच्या वार्षिक अनुभवावर तुम्ही कोल्हापूर, मुंबई, गोव्याच्या पोरांसमोर उभे राहता. चार-शून्य म्हणजे कमीच म्हणायचं.

तीन, नकाशा. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. ते व्हायलाच हवं होतं, त्यामुळे वऱ्हाडातल्या हजारो पोरा-पोरींची पदवीची वाट सोपी झाली. पण खेळाच्या बाबतीत एक गोष्ट घडली. त्याआधी आपला खेळाडू नागपूर-कामठीच्या पोरांशी झगडून विद्यापीठ संघात जागा मिळवायचा. ती रोजची घासाघीस गेली. आज धामणगावहून वर्धा नदी ओलांडली की पुलगाव, पण ते वर्धा जिल्ह्यात, म्हणजे नागपूर विद्यापीठात. शेजारच्या गावच्या कॉलेजशी आपला सामना होत नाही, आणि अडीचशे किलोमीटरवरच्या बुलढाण्याशी होतो.

त्यात फुटबॉलमध्ये विदर्भ वेगळा नाहीच. कबड्डी, खो-खोत राष्ट्रीय स्पर्धेला विदर्भाचा स्वतःचा संघ जातो. फुटबॉलमध्ये अख्ख्या महाराष्ट्राची एकच संघटना, एकच संघ. वऱ्हाडी पोराला तिथे पोचायला मुंबई-पुणे-कोल्हापूर पार करावं लागतं.

क्रिकेटकडे पाहिलं की हे नीट समजतं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं आपल्याला कुणी मोजत नव्हतं. तेव्हाही लोक म्हणायचे, विदर्भाच्या मातीत क्रिकेटर होत नाही. मग पैसा आला, अकादमी आली, बाहेरचे चांगले प्रशिक्षक आले, वयोगटाचे संघ वर्षभर खेळू लागले. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा, २०२४-२५ मध्ये पुन्हा. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा याच मातीतले. जितेश तर भारतीय संघापर्यंत गेला. माती तीच, पोट्टे तेच. बदलली ती व्यवस्था.

चौथा मुद्दा सगळ्यात बोचरा, तो मुद्दाम शेवटी ठेवला. मास्तर. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तरच शारीरिक शिक्षणाचा शिक्षक सांगितला, तोही अर्धवेळ. अनुदानित महाविद्यालयांमधली भरती गेल्या दहा-बारा वर्षांत कधी बंद, कधी अर्धवट. वर्गातली जागा तासिका तत्त्वावर कशीतरी भरून काढतात. पण तासिका तत्त्वावर इतिहास शिकवता येतो, संघ बांधता येत नाही. संघ बांधायला पहाटे पाचला मैदानावर उभा राहणारा, पोराच्या बापाला वेचणीच्या दिवसात समजावणारा, पाच वर्षं एकाच ठिकाणी टिकणारा माणूस लागतो. आणि असे मास्तर घडवणारी संस्था कुठे आहे? आपल्याच अमरावतीत. शंभर वर्षं देशाला पीटीचे मास्तर पुरवणाऱ्या मुलखात शाळा-कॉलेजं मास्तरांविना. कापूस पिकवून सदरा विकत घेणाऱ्या माणसासारखं झालं हे.

आज कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे जाऊन बघा. गर्दी आहे. सोळाशे मीटर पळणारी, गोळा फेकणारी पोरं-पोरी. पोलीस भरतीची तयारी. पायात दम नाही असं कोण म्हणेल? फक्त त्या दमाला नोकरीची एकच वाट दिसते आणि पोरं त्या वाटेनं पळतात. त्यात त्यांचं काय चुकलं?

सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं नाही मला. रिक्त पदं भरा, ही मागणी तर आहेच, आणि ती पदवीधर मतदारसंघाची मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची आहे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. धामणगाव, चांदूर रेल्वे आणि पुलगाव एकाच लाईनवर आहेत. विद्यापीठाचं कागदपत्र काहीही म्हणो, डिसेंबर ते मार्च दर रविवारी आळीपाळीनं सामना खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. सहा संघांची साखळी केली तर प्रत्येक पोराला वर्षाला दहा सामने मिळतात. एकाच्या जागी दहा. आणि एका मैदानाचा तुकडा तरी मुरूम टाकून तयार करायचा. ट्रॅक्टरवाले आपलेच आहेत.

त्या रात्री त्या पोराला मी काहीच बोललो नाही, याची रुखरुख राहिली. परवा तो बाजारात भेटला. म्हटलं, "खेळतो का अजून?" म्हणाला, "खेळतो न काका. पण कोणासंग खेळू?"

जमत नाही म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी हा प्रश्न इथे ठेवतो. चांदूर, पुलगावकडचे कुणी वाचत असाल तर कळवा. पहिला सामना आमच्या मैदानावर, चहा माझ्याकडून.