ओठांची शिस्त : बिगुल, दात आणि एका आजोबांची चूक

महूहून बोलतोय. या मालिकेत आपण आजवर लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, रेल्वे आणि टपालखातंही पाहिलं. आज विषय आहे ओठ. हसू नका. ओठांनाही इतिहास आहे, आणि तो माझ्या घरापर्यंत येऊन पोहोचला म्हणूनच आज बोलायला बसलोय.

माझा नातू आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. सुट्टीत आमच्याकडे आला की दिवसभर तोंड उघडं. वरचे दोन नवे दात पुढे आलेले, खालचा ओठ त्यांच्यामागे अडकलेला. पस्तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस हे कसं बघवून घेणार? रोज सकाळी त्याला व्हरांड्यात उभा करायचो, ओठांत घडी घातलेला कागद धरायला सांगायचो आणि घड्याळ लावायचो, दहा मिनिटं. पोरगा लाल व्हायचा आणि कागद पडायचा. म्हणायचा, "आबा, श्वास येत नाही हो." मी म्हणायचो, "बहाणे नकोत," आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचो. या प्रसंगाकडे शेवटी परत येतो.

आधी शरीर समजून घेऊ. ओठांभोवती एक गोलसर स्नायू असतो, ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस. तोंड मिटणं, फुंकणं, घोट घेताना पाणी न सांडणं, 'प', 'ब', 'म' म्हणणं ही सगळी त्याची कामं. गालातला स्नायू पुढे येऊन त्याच्यातच मिसळतो. या गालाच्या स्नायूचं नाव बक्सिनेटर. हा मूळचा लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ तुतारी फुंकणारा! रोमन फौजेत बुक्किना नावाचं वाकडं वाद्य असायचं. ते वाजवणारा शिपाई रात्रीच्या पहाऱ्यांचे इशारे द्यायचा. शरीरशास्त्रज्ञांनी त्या शिपायाचं नाव आपल्या गालाला देऊन ठेवलंय. आमच्या रेजिमेंटचा बिगुलर रिक्रुटांना सांगायचा, "साहब, फेफड़ा बाद में थकता है, होंठ पहले." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आता दातांशी याचा संबंध काय? दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते आणि सतत दाब आला तर हाड हळूहळू वाट करून देतं. आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल. म्हणजे दात जन्मभर दोन फौजांच्या मधल्या पट्ट्यात उभे असतात. ब्रिटिश दंतवैद्य टोम्स यांनी १८७३ मध्येच हा विचार मांडला होता.

त्याच्याही आधी एका चित्रकाराचं लक्ष इकडे गेलं होतं. जॉर्ज कॅटलिन हा अमेरिकन. १८३० च्या दशकात तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत फिरला, त्यांची शेकडो चित्रं काढली. दूध पिऊन झोपलेल्या बाळाचे ओठ आया बोटांनी हलकेच मिटवतात, हे त्याने पाहिलं. त्या लोकांचे दात चांगले का, याचं उत्तर त्याला इथे सापडलं असं वाटलं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक पुस्तिकाच काढली. सल्ला एकच : तोंड मिटा. सल्ला वाईट नव्हता. पण सगळ्या जगाचे आजार एका सवयीच्या माथी मारण्याचा उत्साहही त्यात होता.

त्याच दशकात, १८६८ मध्ये, कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरने दुसरी बाजू दाखवली. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात मुलांना गाठीसारखी वाढ होते, अ‍ॅडेनॉइड, आणि त्यामुळे नाक बंद पडतं, हे त्याने मांडलं. म्हणजे काही मुलं तोंड उघडं 'ठेवत' नाहीत, त्यांना ते उघडावंच लागतं. हा फरक लक्षात ठेवा.

अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण केलं. आजही जगभरचे दंतवैद्य तेच वापरतात. वरचे दात पुढे आलेल्या प्रकाराचं वर्णन करताना त्यांनी तोंडाने श्वास आणि ओठांचं बिघडलेलं काम यांची नोंद केली. मग बोस्टनचे आल्फ्रेड रॉजर्स पुढे आले. १९१८ मध्ये त्यांनी स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की तारा लावून दात सरकवता, पण स्नायू तसेच राहिले तर दात परत जातील. म्हणून स्नायूंनाच कवायत द्या. पुढे १९२९ च्या लेखात त्यांनी स्नायूंना 'जिवंत उपकरणं' म्हटलं. कवायत हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याची छाती फुगते. पण थांबा.

युरोपात वेगळी वाट निघाली. फ्रान्समध्ये पिएर रोबाँ यांनी १९०२ मध्ये मोनोब्लॉक केला. पुढे डेन्मार्कचे विगो आंद्रेसेन यांनी आपल्या मुलीच्या तारा उन्हाळी सुट्टीपुरत्या काढल्या आणि तोंडात सैल बसणारं एक उपकरण दिलं. सुट्टी संपेपर्यंत जबड्यात सुधारणा दिसली. त्यातून अ‍ॅक्टिव्हेटर आला. युरोपात अशी काढघालीची उपकरणं रुजली, त्यामागे राजकारणही होतं. युद्धकाळात पक्क्या तारांसाठी लागणारे मौल्यवान धातू मिळेनात, आणि सरकारी आरोग्यसेवेला कमी खर्चात जास्त मुलं तपासायची होती.

पूर्व जर्मनीत त्स्विकाऊ गावी रोल्फ फ्रेंकेल यांनी तर गालांशी आणि ओठांशीच गाठ घातली. त्यांच्या उपकरणात अ‍ॅक्रिलिकच्या ढाली असत. त्या गाल आणि खालचा ओठ दातांपासून दूर धरायच्या, म्हणजे बाहेरचा दाब कमी. पण उपकरण तोंडात असताना ओठ मिटून ठेवण्याचा सराव त्यांनी महत्त्वाचा मानला.

आता बँडची गोष्ट. १९३९ मध्ये एडवर्ड स्ट्रेयर या दंतवैद्याने फुंकवाद्यांचे गट पाडले. ट्रम्पेटची वाटी ओठांवर बाहेरून दाबते, तर क्लॅरिनेटची पट्टी दातांमध्ये शिरून वरच्या दातांना पुढे ढकलते. म्हणून दात पाहून वाद्य निवडा, असा विचार. ऐकायला छान आहे. पण वादक वाजवतो किती वेळ?

याचं उत्तर मोजमापाने दिलं. १९६३ मध्ये वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दातांवर सोन्याची टोपी बसवली, गालाच्या किंवा जिभेच्या बाजूने दोन मिलिमीटर जाड. बाकी काही नाही, फक्त स्नायूंचा नैसर्गिक दाब. दात सरकले! दोन ग्रॅमपेक्षाही कमी बळ पुरलं, कारण ते अखंड होतं. १९७८ मध्ये विल्यम प्रॉफिट यांनी हा सगळा हिशेब पुन्हा मांडला. आपण दिवसात हजारभर वेळा गिळतो, दर वेळी सेकंदभर दाब. जोर मोठा, पण एकूण वेळ काही मिनिटांचाच. दात सरकायला दिवसाचे साधारण सहा तास दाब लागतो. म्हणून ओठ कामाच्या वेळी किती जोर लावतात यापेक्षा ते विश्रांतीत कुठे असतात, हे मोठं. आतला आणि बाहेरचा दाब नेमका बरोबरीचा नसतो, हेही दिसलं. उरलेला तोल मुळाभोवतीचे तंतू सांभाळतात.

म्हणजे पाहा, दहा मिनिटांची कवायत एकटी दात हलवत नाही. कवायतीचा उपयोग झालाच तर तेवीस तास पन्नास मिनिटांची सवय बदलण्यासाठी. आणि सवय बदलायला नाक मोकळं हवं. कॅलिफोर्नियात हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून पाहिली. माकडं तोंडाने श्वास घ्यायला शिकली आणि त्यांचे जबडे, दात बदलले, पण प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेने. सगळ्यांना एकच साचा लागू होत नाही.

आता माझ्या व्हरांड्यात परत या. सूनबाई एकदा ठामपणे म्हणाली, "बाबा, तो घोरतो. मी त्याला डॉक्टरकडे नेतेय." दंतवैद्य बाईंनी दात पाहिले आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. अ‍ॅडेनॉइड वाढलेले. पोराचं नाक खरंच बंद होतं. तो खरं बोलत होता आणि मी त्याला बहाणेबाज ठरवत होतो. कागद ओठांत धरून दहा मिनिटं श्वास कोंडणं म्हणजे काय, हे त्या रात्री मी स्वतः नाक चिमटीत धरून पाहिलं. अर्ध्या मिनिटात सोडलं.

उपचार झाले, नाक मोकळं झालं. मग दंतवैद्य बाईंनी उपकरण दिलं आणि ओठांचा व्यायामही. गंमत म्हणजे तोच कागदाचा! पण योग्य वेळी, दिवसातून थोडा थोडा. मी त्याला म्हणालो, "बाळा, चूक माझी होती." तो म्हणाला, "मग आता तुम्ही पण धरा कागद." आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून धरायचो. त्याने वेळ लावायची, मी पाळायची.

फौजेत शिकलो होतो, की जवान मार्चमध्ये मागे पडला तर आधी त्याचा बूट काढून पाय बघावा, मग ओरडावं. घरी विसरलो. तुमच्या घरात एखादं मूल झोपेत तोंड उघडं ठेवत असेल, घोरत असेल, तर रागावण्याआधी त्याचं नाक तपासून घ्या. दात त्यानंतर.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.