आडुतुरैचा रेडिओ भात



तंजावरच्या मोठ्या देवळातल्या 1803 च्या मराठी शिलालेखाबद्दल मागे लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की साहेब, तिथं पोस्टिंगला होतात तर आजूबाजूचंही काही लिहा. हा लेख त्याच मुलुखातला आहे, पण विषय आमच्या कोअरचा. म्हणजे निरोप. तो कसा निघतो, कुठं अडकतो आणि वेळेवर पोचला नाही तर काय होतं.

आडुतुरै हे कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना 12-13 किलोमीटरवर लागतं. गाव छोटं आहे. सूर्यनार कोविलला, म्हणजे नवग्रहांपैकी सूर्याच्या देवळाला जाणारे लोक इथं उतरतात. बाकी चहूकडे भातशेती. पण तांदळावर काम करणाऱ्या माणसाला हे नाव नवीन नसतं, कारण 1922 पासून इथं भात संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या वाणांच्या नावामागे एडीटी लागतं. एडीटी म्हणजेच आडुतुरै.

यातला एडीटी-27 हा वाण 1960 च्या दशकाच्या मध्यात आला. जपानी आणि देशी भाताचा संकर, लवकर तयार होणारा, तिथल्या कुरुवै हंगामाला बसणारा. तो काळ आठवा. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, 1965 चं युद्ध नुकतंच झालं होतं, शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं होतं. तंजावर जिल्हा सरकारच्या सघन शेती कार्यक्रमात निवडलेला होता. बियाणं तयार होतं, पण ते कुठं, कधी आणि कसं पेरायचं हे हजारो शेतकऱ्यांना सांगणार कोण? हे काम मुख्यतः आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रानं केलं. रोज ठरलेल्या वेळी, साध्या तमिळमध्ये. लोकांनी त्या वाणाला नावच ठेवलं, रेडिओ भात. बियाणं मागायला येणारा शेतकरी एडीटी वगैरे म्हणतच नसे.

मला ही गोष्ट सांगितली ती केंद्राजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांच्या घरी तंजावरी मराठी बोलतात. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की रेडिओ सगळेच ऐकत होते, पण रेडिओवर ऐकलेलं खरं की खोटं हे विचारायला गावात कृषी खात्याचा माणूस होता, म्हणून लोकांनी पेरलं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सिग्नल्सच्या ट्रेनिंगमध्ये उस्ताद वेगळ्या शब्दांत हेच घोकून घेतात: पाठवलेला मेसेज म्हणजे पोचलेला मेसेज नव्हे. समोरच्यानं उलट वाचून दाखवला आणि पोचपावती दिली, की मगच तो पोचला.

आता दोनशे वर्षं मागं जाऊ. आडुतुरैपासून पाच-सहा किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर आहे, महालिंगस्वामीचं मोठं देऊळ असलेलं. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह 1798 मध्ये गादीवरून दूर झाल्यावर इथं येऊन राहिले. गादीवर बसले ते दुसरे सरफोजी. सरफोजींच्या त्याआधीच्या आयुष्यात निरोपालाच फार महत्त्व आहे. तुळजाराजांनी 1787 मध्ये दत्तक घेतलेला हा मुलगा अमरसिंहांच्या काळात जवळपास कोंडून ठेवल्यासारखा होता. त्याची हालत मद्रासला कळत राहिली ती श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या पत्रांमुळे. त्या पत्रांमागं कंपनीचे स्वतःचे हिशेबही होते, हे वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी, 1799 च्या तहात, राज्याचा कारभार कंपनीनं काढून घेतला आणि सरफोजींकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि मानमरातब.

राज्य गेलेल्या या राजानं मग ग्रंथ आणि औषध यांत मन घातलं. सरस्वती महाल ग्रंथालय सगळ्यांना माहीत असतं, धन्वंतरी महाल फारसा कुणाला माहीत नसतो. तिथं देशी आणि विलायती दोन्ही पद्धतींचे वैद्य काम करीत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर चित्रांसकट ठेवलेल्या आहेत, काही मोडीत, काही इंग्रजीत: रोग्याला काय होत होतं, काय उपचार केला, पुढं काय झालं. आजच्या भाषेत केसपेपर. त्याशिवाय रामेश्वराच्या वाटेवरची छत्रं, म्हणजे धर्मशाळा. सरफोजींनी 1801 मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांत काय काय मिळतं ते सविस्तर कळवलं होतं, आणि त्यात रोग, सूज आणि सापाचं विष यांवर इलाज करणारा वैद्य प्रत्येक छत्रात असतो असं म्हटलं आहे. मला यात फौजी शहाणपण दिसतं. साप चावलेल्या माणसाचा निरोप तंजावरला जाऊन वैद्य येईपर्यंत माणूस राहत नाही. निरोप वेगानं पाठवता येत नसेल, तर मदत आधीच वाटेवर बसवून ठेवायची.

मोडीची गंमत अशी, की ती लिहायला जलद, हात न उचलता लिहिता येणारी, दरबाराच्या धावपळीला सोयीची. पण तमिळ मुलुखात ती वाचणारे पुढं उरले नाहीत आणि तंजावरची मोडी दफ्तरं कित्येक दशकं गठ्ठ्यात बांधून पडली. कुणी कुलूप घातलं नव्हतं, तरी कुणालाही उघडता येत नव्हती. एखादी गोष्ट इतकी सुरक्षित होऊन बसते, की ज्याच्यासाठी लिहिली त्यालाही ती मिळत नाही. याची दुसरी बाजू 2004 मध्ये दिसली.

26 डिसेंबर 2004, रविवार. सकाळी 6:29 ला सुमात्राजवळ समुद्रात भूकंप झाला. लाट नागपट्टिणमला पोचली ती नऊच्या आसपास. म्हणजे अडीच तासांच्या आतबाहेर वेळ हातात होता. आडुतुरै समुद्रापासून आत आहे, तिथं पाणी आलं नाही, पण नागपट्टिणम आणि वेळांगण्णी तिथून गाडीनं दोन तासांच्या आतच. तमिळनाडूत सुमारे 8,000 माणसं गेली, त्यातली 6,000 हून जास्त एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात.

अडीच तास म्हणजे किती, हे पुणेकरांना सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याआधी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण पहाटेपर्यंत रोखून धरलं होतं, म्हणून पाणी पुण्यात रात्री न येता दिवसाउजेडी आलं. नाहीतर किती माणसं झोपेत गेली असती याचा विचार करवत नाही. तिथं जवानांनी अंगमेहनतीनं वेळ मिळवला होता. 2004 मध्ये वेळ आयती मिळालेली होती.

ती कुठं गेली? कार निकोबारला हवाई दलाचा तळ आहे. तेव्हाचे हवाई दल प्रमुख एस. कृष्णस्वामी यांनी नंतर वर्तमानपत्राला सांगितलं, की तळावरून आठच्या आधीच बेट बुडतंय असा शेवटचा निरोप आला आणि सव्वाआठला त्यांनी संरक्षण मंत्रालयाला कळवायला सांगितलं. त्या तळावरची शंभराहून अधिक माणसं, हवाई सैनिक आणि त्यांची कुटुंबं, त्या दिवशी गेली. ज्यानं तो शेवटचा मेसेज पाठवला त्यानं आपलं काम चोख केलं होतं. इकडं हवामान खात्यानं भूकंपाची माहिती फॅक्सनं दिल्लीला पाठवली. त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलं, की तो फॅक्स गेला मुरली मनोहर जोशी यांच्याकडे. सरकार मे महिन्यातच बदललं होतं आणि खात्याचे मंत्री होते कपिल सिब्बल. यादीतलं नाव बदललेलं नव्हतं. चूक लक्षात येऊन गृह मंत्रालयाला फॅक्स गेला तोवर नऊ वाजून गेले होते. आणि त्या फॅक्समध्येही होती ती भूकंपाची माहिती. समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसांना हटवा, असं त्यात कुठं नव्हतं.

यावर लोक चिडतात ते त्या चुकीच्या नावावर. मला ते तितकं मोठं वाटत नाही. नाव बरोबर असतं, तरी रविवारी सकाळी मंत्र्यांच्या घरचा फॅक्स वाचून नागपट्टिणमच्या कोळीवाड्यापर्यंत सांगत जाणारी साखळीच नव्हती. हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा नव्हती, जिल्ह्याला काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. फौजेत मेसेजवर फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन असा दर्जा लिहितात. फ्लॅश आला की हातातलं सगळं बाजूला पडतं, मग तो कुणाच्याही नावावर असो. फॅक्सच्या कागदावर तसा दर्जा नसतो.

त्याच सकाळी पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या मच्छीमार गावात काय झालं ते पाहा. गावचा एक तरुण सिंगापूरला नोकरीला होता. त्यानं टीव्हीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. घरचे म्हणाले समुद्राचं पाणी विचित्र वागतंय. त्यानं सांगितलं, पळा आणि सगळ्यांना सांगा. गावात एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानचं माहिती केंद्र होतं. तिथल्या ध्वनिक्षेपकावरून मच्छीमारांना समुद्राची हालत रोज सांगितली जात असे. लोकांनी केंद्राचं दार फोडून त्याच ध्वनिक्षेपकावरून गाव हलवलं. साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती, नावा सगळ्या मोडल्या, माणूस एकही गेला नाही.

हा फोन सुरक्षित नव्हता, अधिकृतही नव्हता, आणि तो करणारा कुणी साहेब नव्हता. पण लोकांनी ऐकलं. का? मला वाटतं, रोज ऐकायची सवय असलेला आवाज होता म्हणून. रेडिओ भाताचं गणित आणि हे गणित एकच आहे. संकटाच्या दिवशी नवीन भोंगा बसवून उपयोग होत नाही. तो आधी वर्षभर माशांचे भाव आणि वारा सांगत असला पाहिजे.

पोर्ट ब्लेअरला त्या दिवसांत टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅम रेडिओवाल्या भारती प्रसाद तिथंच होत्या. हॅमच्या हौसेसाठी आपला चमू घेऊन गेल्या होत्या, व्हीयू4आरबीआय या कॉलसाइननं. हौस बाजूला ठेवून त्यांनी मदतीचे आणि आप्तांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीला पोचवले. आमच्यातल्या जुन्या ऑपरेटरांना अजून हे कौतुकानं सांगायला आवडतं.

त्यानंतर बरंच झालं. डिसेंबर 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर 2007 मध्ये सुरू झालं आणि 11 एप्रिल 2012 च्या 8.6 च्या भूकंपात त्यानं काही मिनिटांत इशारे दिले. तमिळनाडूत 108 ची रुग्णवाहिका सेवा 2008 मध्ये आली, आपल्याकडे 2014 मध्ये 937 गाड्यांसह. 2023 मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम मोठा आवाज होऊन चाचणीचा मेसेज आला होता, आठवत असेल. बरेच जण घाबरले. घाबरू दे, निदान पुढच्या वेळी आवाज ओळखीचा असेल.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो, कारण दवाखान्यातले वाचक विचारतात. आमच्याकडे नियम असा, की मेसेज साधारणपणे सायफरमध्ये जातो, पण वेळ इतकी कमी असेल की शत्रूला कळलं तरी तो काही करू शकणार नाही, तर कमांडरच्या हुकुमावर उघड्या भाषेत पाठवता येतो. म्हणजे गुप्तता आणि वेग यांतलं काय सोडायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि सोडायचा अधिकार कुणाला हेही. डॉक्टर मंडळींकडे हे ठरलेलं दिसत नाही. माझ्या एका नातेवाइकाचा रिपोर्ट एका दवाखान्यातल्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गावातल्या चार घरांत तो पोचला होता. त्यात घाई काहीच नव्हती. उलट, जिथं घाई असते तिथं कागदावर सही आणि शिक्का मागत बसतात.

फौजेनं स्वतःसाठी 2020 मध्ये साई आणि पुढच्या वर्षी असिग्मा अशी मेसेजिंगची साधनं बनवली, कारण बाहेरच्या अ‍ॅपवर फौजेचं बोलणं नको. दवाखान्यांनाही तसं काहीतरी लागेल. पण नुसतं कुलूप लावूनही भागत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं काम हातानं लिहून चाललं. रोग्याची माहिती होती तिथंच होती, पण ती डॉक्टरला वाचता येत नव्हती. त्या दिवसांत नर्सिंगच्या मुलींनी आणि कारकुनांनी कागदावर नोंदी ठेवल्या, चिठ्ठ्या हातोहात प्रयोगशाळेत नेल्या. आमच्याकडे याला रनर म्हणतात. रेडिओ बंद पडला तर रनर धावतो, आणि म्हणून रनरची वाट आधी पायाखालून घातलेली असते.

सरफोजींच्या त्या नेत्ररोग्यांच्या नोंदी चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी अभ्यासून त्यावर लेख लिहिले आहेत. तंजावरच्या मोडी दफ्तरांतला बराच मजकूर तिथल्या तमिळ विद्यापीठानं तमिळमध्ये छापला आहे. आपल्याकडेही मोडीचे वर्ग भरतात. कुणी निवृत्त भाऊ रिकामा असेल तर जरूर शिकावी, सायफर शिकलेल्याला ती जड जात नाही. पुढच्या वेळी तिरुविडैमरुदूरच्या वाड्याबद्दल लिहीन.